बर्फाच्या केकवरचा हलवा

सोमवार, १४ नोव्हेंबर २००५
वाखनिंगन

संहिताला पहिली ऑर्डर मिळाली. जेवताना सारंगने सांगितलं. ती स्वतः तिथेच आमटी वाढत उभी होती, पण बोलली नाही. सून हुशार आहे, मात्र तिची कुठलीही बातमी माझ्यापर्यंत थेट येत नाही. आधी मुलाकडे जाते, मग माझ्याकडे.

माझ्या नातीच्या, अमृताच्या वर्गात फ्लेर नावाची मुलगी आहे. ती सात वर्षांची होणार. इथली पद्धत अशी की मुलांची पार्टी वेगळी आणि घरच्यांचा वाढदिवस वेगळा. पार्टी शुक्रवारी २५ तारखेला दुपारी, घरचे लोक रविवारी. पार्टीला केक हवा आहे तो हिवाळ्याचा. गोठलेला कालवा, त्यावर स्केटिंग करणारी माणसं, काठाने घरं आणि छपरांवर बर्फ. फ्लेरच्या मावशीचं कॉफीचं दुकान आहे. केक पसंत पडला तर तिथे दर शनिवारी संहिताचे दोन केक जातील.

संहिता पुण्यात बँकेत ऑफिसर होती. इथे येऊन तीन वर्षं झाली. डच शिकली, सायकल शिकली, सत्तावीस नोकऱ्यांना अर्ज केले. शेवटचं नकाराचं पत्र मी आले त्या आठवड्यात आलं. तेव्हा हा केक तिला केकपेक्षा मोठा आहे, एवढं मला कळतं.

मी विचारलं, "अंडी किती घेणार? साचा किती इंची? ओव्हनचं तापमान पडताळून पाहिलंस का?"

"बघते आई."

एकतीस वर्षं मी सायन्स शिकवलं, त्यातली नऊ सुपरवायझर होते. ज्या मुलीचा अभ्यास झालेला नसतो ती "बघते" म्हणते.

एक अट आहे. त्या मुलीला अ‍ॅलर्जी आहे. सारंग म्हणाला, "नट्स वगैरे चालत नाहीत तिला." माझ्या वर्गात साठ-साठ मुली असत. अ‍ॅलर्जी असलीच तर गणिताची.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

आज अपमान झाला. लिहून ठेवते म्हणजे डोक्यातून जाईल.

संक्रांतीला मी इथे नसणार, दोन जानेवारीचं तिकीट आहे. म्हणून हलवा आत्ताच करून ठेवायचं ठरवलं होतं. सांगलीहून पाव किलो तीळ खास त्यासाठीच आणले. हलव्याला थंडी लागते. आपल्याकडे पौषात पहाटे उठून करावा लागतो तरी काटा येईलच असं नाही. इथे तर थंडी फुकट मिळते आहे.

सकाळी परात शेगडीवर ठेवली, पाक केला. तेवढ्यात संहिता आली आणि दारातच थांबली.

"आई, पुढच्या शुक्रवारपर्यंत हलवा नको ना स्वयंपाकघरात."

"का?"

"नको. प्लीज."

"कारण काय?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मग परातीकडे, मग म्हणाली, "मला ओटा मोकळा हवाय."

ओटा मोकळाच होता. मी परात उचलली आणि मागच्या अंगणातल्या सायकलींच्या शेडमध्ये गेले. संध्याकाळी सारंगने त्याची कॅम्पिंगची छोटी शेगडी तिथे लावून दिली. सकाळी परात घेऊन निघताना मागे वळून बघितलं तर संहिता ओटा साबणाने धूत होती. मग शेगडी धुतली. मग भिंत. मी हात लावला की भिंतसुद्धा विटाळते बहुधा.

सोमवार, २१ नोव्हेंबर

शेडमध्ये बसून हलवा करते आहे. अंगात सारंगचं जुनं जॅकेट, पायात लोकरीचे दोन मोजे. चमच्याने पाकाचे चार थेंब, मग बोटांनी फिरव फिरव फिरवायचं, वाळलं की पुन्हा चार थेंब. आज चौथा दिवस. असा काटा मला आयुष्यात आलेला नाही. एकेक दाणा पांढराशुभ्र, अणकुचीदार, कडक. सांगलीत माझ्या सासूबाई हलव्यासाठी नावाजलेल्या होत्या. त्यांनी हा पाहिला असता तर नक्कीच काहीतरी खोट काढली असती, पण दोनदा बघितल्यावर.

दाखवायला मात्र कुणी नाही. अमृताला हाक मारली तर म्हणाली, "आजी, it's too cold in there," आणि पळाली. संहिता शेडकडे फिरकत नाही. सायकल हवी असली तर सारंगला आणायला सांगते.

आज तिने आत नमुन्याचा केक केला. मधोमध खचला. मी सांगितलं की ओव्हनचं दार वेळेआधी उघडलं की असंच होणार, हवा प्रसरण पावलेली असते, ती आकुंचन पावते. "किती मिनिटांनी उघडलंस?" खचलेला केक तिने एकटीने, उभ्यानेच, चमच्याने खाल्ला. सगळा नाही, पण बराच.

बुधवार, २३ नोव्हेंबर

सारंग ऑफिसला निघताना माझ्या खोलीत आला.

"आई, तिला सारखं विचारत जाऊ नकोस."

"मी काय विचारते?"

"सगळंच."

"प्रश्न विचारल्याशिवाय कामातली चूक कळते का?"

तो बूट घालत होता. नाडी बांधताना म्हणाला, "तुझं बरोबर असतं गं. तोच तर प्रॉब्लेम आहे." आणि उत्रेख्तच्या गाडीसाठी धावला.

याचा अर्थ मला लागला नाही. बरोबर असणं हा कसला प्रॉब्लेम?

गुरुवार, २४ नोव्हेंबर

केक झाला. खरं बोलायचं तर सुंदर झाला. निळसर साखरेचा कालवा, आत पांढऱ्या रेघा, बर्फाला तडे गेल्यासारख्या. इवलीशी अकरा माणसं. एक पडलेला आहे, त्याचे पाय वर. ते बघून मला हसू आलं, पण संहिता खोलीत नव्हती. इथे अशी चित्रं बदामाच्या गोड गोळ्याची करतात, पण तो चालणार नाही म्हणून तिने सगळी साखरेच्या लगद्याची केली. दोन पातेली आणि एक चाळणीसुद्धा नवीन आणली. बोटांना पट्ट्या लावल्या आहेत.

छपरांवरचा बर्फ मात्र तिला जमलेला नाही. पिठीसाखर आणि लिंबाचा रस. मी म्हटलं, "हवेत ओल आहे, हे टिकणार नाही." ती म्हणाली, "टिकेल आई." केक खोक्यात घालून, वर फीत बांधून, जिन्याखालच्या गार कपाटात ठेवला आहे.

टीव्हीवर उद्या मोठा बर्फ सांगितला आहे.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर
सकाळ, पावणेसात

बाहेर पांढरं झालं आहे आणि पडतंच आहे. सारंग लवकर गेला. संहिता झोपली आहे. काल अकराला मी झोपायला आले तेव्हा ती खाली जमीन पुसत होती.

मी खोकं उघडून बघितलं. माझंच खरं ठरलं. छपरांवर बर्फ राहिलाच नव्हता, भिजलेल्या चुन्यासारखा थर होता आणि घरांवरून ओघळ आले होते. तिला उठवून सांगितलं असतं तर रडारड झाली असती आणि करायला वेळही नव्हता.

शेडमधून हलव्याचा डबा आणला.

विचार न करता काही केलं नाही. नट म्हणजे कठीण कवचाचं, एका बीचं फळ. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र होतं माझं, हे मला झोपेतही सांगता येईल. तीळ हे बी आहे. कुठल्याही व्याख्येत तो नट होत नाही. शिवाय दाण्यावर साखरेची शंभर पुटं.

छपरं पुसून घेतली आणि प्रत्येकावर हलवा बसवला. झाडांवर बसवला, काठावर पसरला. खिडकीबाहेर खरा बर्फ होता आणि केकवर त्याहून चांगला. वीस मिनिटं लागली. फीत होती तशी बांधली.

सांगणार नाही. सांगितलं तर ती "नको" म्हणेल, केवळ मी केलं म्हणून. तिकडे गेल्यावर खोकं उघडेल तेव्हा कळेलच.

साडेअकरा

गेली. बसेस बंद आहेत, सायकल चालवणं शक्य नाही. शेजाऱ्यांची लाकडी घसरगाडी मागून आणली, तिच्यावर खोकं बांधलं आणि दोरी ओढत निघाली. फ्लेरच्या आईला, मार्लूसला मांडामांडीत मदत करणार आहे. फुगे वगैरे. बारा वाजता अमृताला शाळेतून आणून, जेवू घालून, दीडला मी तिला पार्टीला पोचवायचं.

कोपऱ्यावर ती एकदा वळली आणि तिने हात केला. मला नव्हे, अमृताला करते तसा, पण अमृता शाळेत होती. तेव्हा मलाच असेल.

एक वाजून दहा मिनिटं



अमृताला जेवणानंतर चिमूटभर हलवा दिला. तिने चोखला, चावला, विचारलं, "आत काय आहे?" मी म्हटलं तीळ. तिला कळलं नाही म्हणून बरणी दाखवली. ती म्हणाली, "सेसाम! आजी, फ्लेरला हे नाही चालत. She can't even sit next to it."

मी म्हटलं, "तिला नट्स चालत नाहीत."

"नट्स and सेसाम. सगळ्यांना माहितीए. Last year she ate a बन आणि ambulance आली. Juf ने, म्हणजे टीचरने, आम्हाला सांगितलं, टेस्ट पण घेतली."

मार्लूसच्या घरी फोन लावला. वाजतो, उचलत नाहीत. संहिताचा मोबाइल लावला, तो दारामागे तिच्या दुसऱ्या कोटाच्या खिशात वाजला. सारंगचा लागत नाही, गाड्या बंद पडल्या आहेत म्हणे.

खरं लिहायचं ही दैनंदिनीची अट आहे म्हणून लिहिते. फोन ठेवल्यावर दहा मिनिटं मी खुर्चीत बसून राहिले. एका दाण्यात तीळ केवढा, असं मनाशी म्हटलं. छपरं कोण खातं, म्हटलं. काही होणारही नाही, आणि झालं नाही तर कुणाला कळणारही नाही, असंही म्हटलं.

निघते.

शनिवार, २६ नोव्हेंबर
सकाळ

काल लिहिणं शक्य नव्हतं. आता क्रमाने लिहिते.

सारंगचे बूट घातले, साडी खोचली, वरून जॅकेट. अमृताला रस्ता माहीत होता. अंतर दीड किलोमीटर असेल, पाऊण तास लागला. सायकलींचा रस्ता दिसतच नव्हता. दोनदा मी पडले. दुसऱ्यांदा अमृताने मला दोन्ही हातांनी ओढून उभं केलं आणि म्हणाली, "आजी, फ्लेर मरणार का?" मी तिला गप्प बस म्हटलं. तिला मी आजवर खूपदा गप्प बस म्हटलं आहे. हे सगळ्यांत वाईट होतं, कारण उत्तर येत नव्हतं म्हणून म्हटलं.

घराला कुलूप होतं. दारावर चिठ्ठी. अमृताने वाचली: सगळे बांधावर घसरायला गेले आहेत, तिकडे या.

या लोकांच्या खिडक्यांना पडदे नसतात. रस्त्यावरून आरपार दिसतं. टेबलावर केक होता. खोक्यातून काढलेला, अख्खा, सात मेणबत्त्या टोचलेल्या, आणि छपरांवर माझा हलवा चकाकत होता. म्हणजे संहिताने खोकं उघडलं नव्हतं. तिने उघडलं असतं तर तो तिथे नसता. पुढे कळलं की ती पोचताच फ्लेरने तिला हात धरून बांधावर नेलं, आणि खोकं मार्लूसच्या आईने उघडून मांडलं.

बांधावर जावं की इथे थांबावं? बांध कुठल्या बाजूला ते अमृताला नीट सांगता येईना. आपण गेलो आणि ते दुसऱ्या वाटेने आले तर? थांबले. जोडे काढून वर्गाबाहेर उभं राहावं लागलेल्या मुली मला आठवल्या. अशा मी पुष्कळ उभ्या केल्या आहेत.

किती वेळ गेला माहीत नाही. हे लोक मागच्या दाराने घरात येतात, हे मी विसरले होते. एकदम आत दिवा लागला आणि खोली मुलांनी भरून गेली. लाल गाल, ओले मोजे. कुणाचं खिडकीकडे लक्ष नव्हतं. संहिता दिसत नव्हती. पिवळ्या वेण्यांची एक मुलगी सरळ टेबलाशी आली. तिने वाकून केक पाहिला आणि एका छपरावर बोट ठेवलं.

मी दोन्ही मुठींनी काच बडवली. वर्गात गलका झाला की टेबलावर डस्टर आपटायची तशी. ओरडले, "नो! डोन्ट टच! नो!" अमृता माझ्या शेजारी तिच्या भाषेत किंचाळत होती. मुलगी बोट वर धरून तशीच थिजली. सगळी खोली थिजली.

मार्लूसने दार उघडलं. तिच्या मागे संहिता, हातात ओल्या टोप्या.

मी इंग्रजीत म्हटलं, "केकवर तीळ आहे. पांढरं जे आहे ते सगळं. मी घातलं. हिला माहीत नाही. मी घातलं."

मार्लूसने मुलीला उचललं, नळाखाली दोन्ही हात धुतले, तोंड उघडायला लावून बघितलं. पर्समधून पेनासारखं इंजेक्शन काढलं आणि ते हातात धरून तिला मांडीवर घेऊन बसली. तिच्या आईने केक उचलून मागच्या अंगणात बर्फावर नेऊन ठेवला. मुलांना वरच्या खोलीत पाठवलं. मग आम्ही घड्याळाकडे बघत बसलो. अर्धा तास. मुलीच्या त्या एका बोटावर लाल पुरळ उठलं, मनगटापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. ती आईला सारखं काहीतरी विचारत होती. अमृताने नंतर सांगितलं, ती विचारत होती, "पडलेल्या माणसाला पण फेकलं का?"

अर्ध्या तासानंतर मार्लूस बोलली. हे लोक आवाज न चढवता बोलतात, त्याने जास्त लागतं. तिने संहिताला विचारलं, "तुझ्या सासूला तू सांगितलं नव्हतंस?"

मला वाटलं, ती आता माझ्यावर ढकलेल. ढकलायलाच हवं होतं.

"नाही," संहिता म्हणाली. "सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

परतताना घसरगाडीवर अमृता बसली होती. दोरी संहिता ओढत होती, मी मागून चालत होते. अर्धी वाट सरली. मग मी विचारलं, "का नाही सांगितलंस? हलवा बंद कर म्हणालीस, तेव्हा एका वाक्याचं काम होतं. तीळ चालत नाही."

ती थांबली. दोरी सैल पडली.

"सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, किती तीळ? कुठल्या डॉक्टरने सांगितलं? भाजलेला की कच्चा? पुरावा काय? आणि मग तीळ नट नसतो हे समजावलं असतंत. तुम्हाला काही सांगायचं म्हणजे तोंडी परीक्षा असते, आई. तयारी करून यावं लागतं. मला त्या दिवशी तेवढा वेळ नव्हता."

"मी काही इतकी—"

"सत्तावीस नोकऱ्यांची उत्तरं तुम्ही वाचायला मागितलीत. प्रत्येक पत्रात माझी चूक कुठे झाली ते पेन्सिलीने लिहून दिलंत."

मला ते मदत केल्यासारखं वाटलं होतं. अजूनही मला त्यातल्या निम्म्या खुणा बरोबर वाटतात. पण हे तिला सांगितलं नाही.

सारंग रात्री कुठल्याशा लॉरीतून आला. त्याला सगळं मीच सांगितलं. संहिताला सांगू दिलं नाही.

शनिवार, दुपार

दहा वाजता मार्लूसचा फोन आला. संहिता उभ्यानेच डचमध्ये "या, या", म्हणजे "हो, हो" म्हणत ऐकत होती. ठेवल्यावर तिने आम्हाला सांगितलं. रात्रभर फ्लेर ठीक होती. बहिणीच्या दुकानाचं आता बोलू नये, असं मार्लूस म्हणाली, निदान उन्हाळ्यापर्यंत. पण उद्या घरचा वाढदिवस आहे आणि मुलगी त्या कालव्यासाठी हट्ट धरून बसली आहे. केक पुन्हा करायचा असेल तर कर, म्हणाली मार्लूस. मात्र मी तुझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहीन, पहिल्या अंड्यापासून शेवटपर्यंत.

सारंग म्हणाला, "हे जरा जास्तच होतंय."

"तिची मुलगी आहे," संहिता म्हणाली. आणि बाह्या वर केल्या.

मी शेडमधला हलवा, तीळ, परात, डबा सगळं एका पिशवीत घातलं. सारंगने ते गावाबाहेरच्या कचऱ्यात नेऊन टाकलं. पाच दिवसांचं काम होतं. मी डोक्यावरून अंघोळ केली, अंगावरचं सगळं धुवायला टाकलं. जॅकेटसुद्धा. संहिताने सांगितलं नव्हतं, पण नकोही म्हणाली नाही.

एक वाजता मार्लूस आली. माझ्याशी हात मिळवला. हात मिळवण्याआधी माझ्या हाताकडे बघितलं. ते मला समजलं. आपली कॉफी ती घरूनच थर्मासमध्ये घेऊन आली होती.

दोघी आत गेल्या. मी दारापर्यंत गेले.

"संहिता, मी काय करू?"

तिने मागे वळून बघितलं. तिला वाटलं असणार की या प्रश्नाच्या मागे दुसरा प्रश्न येतोय. ती वाट बघत होती. तो आला नाही.

"तुम्ही बाहेर बसा, आई," ती म्हणाली.

मी बाहेरच्या खोलीत येऊन बसले. दार तिने लोटून घेतलं. आता तीन वाजत आले आहेत. आतून चाळणीचा आवाज येतो आहे, मध्येच त्यांचं बोलणं, मला न कळणाऱ्या भाषेत. अंडी सहा घेतली की आठ, माहीत नाही. ओव्हनचं दार मघाशी एकदा वाजलं, मला वाटतं वेळेआधी. मग काहीतरी जमिनीवर पडलं, स्टीलचं, आणि बराच वेळ गोल गोल वाजत राहिलं.

मी उठले नाही.